तीनला सुटते मी

२ फेब्रुवारी, सोमवार

आज परत साडेआठ. कुलूप काढून आत आले तर अण्णा अंधारात बसलेले. दिव्याचं बटण दोन पावलांवर होतं, पण डॉक्टरांनी एकट्यानं उठायचं नाही असं बजावलंय, आणि माझा बाप आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी ऐकतोय.

"गाडी लेट होती का?" त्यांनी विचारलं. जन्मभर बस चालवली, त्यामुळे माणसाला उशीर होतो तो गाडीमुळेच, असा त्यांचा समज आहे.

"गाडी वेळेवर होती, अण्णा. मीच सुटले नाही."

डिसेंबरात अण्णा न्हाणीघरात पडले तेव्हापासून हे असं चाललंय. खुब्याचं ऑपरेशन झालं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की पाय रोज दोनदा हलवायचा, कुणीतरी धरून, नाहीतर खुर्ची कायमची. सकाळचा व्यायाम मी घाईघाईत करून घेते. संध्याकाळचा होतच नाही. मी येते तेव्हा ते पेंगत असतात आणि मी उभ्या उभ्या झोपलेली असते.

आमचं ऑफिस जन्म-मृत्यूच्या नोंदींचं. कागदावर साडेपाचला सुटतं. साडेपाचला साहेब केबिनमधून बाहेर येतात, माझ्या टेबलावर गठ्ठा ठेवतात आणि म्हणतात, "हे संपवूनच जा." जादा थांबल्याची बदली रजा मिळते, तीही कागदावर. मागायला गेलं की सध्या कामाचा ताण आहे. चोवीस वर्षं झाली, हे 'सध्या' काही संपत नाही.

आजपासून लिहायचं ठरवलंय. कुणाला तरी सांगायला हवं ना. वही निदान मध्येच "अगं, सगळीकडे असंच असतं" म्हणत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वरून परिपत्रक आलंय! प्रत्येकानं आपले आठ तास आपण ठरवायचे. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत कधीही, फक्त दहा ते तीन सगळे हजर हवेत. आणि जादा काम लेखी आदेशाशिवाय नाही.

साहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, कुणीतरी गेल्याची बातमी वाचावी तसं. मग घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं. "हे मोठ्या ऑफिसांसाठी असतं. आपलं आहे ते बरं चाललंय."

"अगदी बरोबर, साहेब," बर्फी म्हणाला. पलीकडच्या टेबलावरचा कारकून. गोड बोलतो म्हणून टाचणीनं त्याचं नाव बर्फी ठेवलंय. टाचणी माझ्या शेजारी बसते. अंगानं बारीक, जिभेला टोक, म्हणून तिचं नाव मी ठेवलंय. ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, "सात ते तीन झालं तर काय बहार येईल गं."

बसमध्ये तेच डोक्यात घोळत होतं. सात ते तीन. साडेतीनला घरी.

९ फेब्रुवारी, सोमवार

गेले केबिनमध्ये. 

"साहेब, मला सात ते तीन पाहिजे."

"का?"

मी अण्णांचं सांगितलं. पाय, व्यायाम, खुर्ची, सगळं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"घरी दुसरं कुणी नाही?"

"नाही. भाऊ लांब असतो."

"ठीक आहे. वडील बरे होईपर्यंत. माणुसकी म्हणून."

ते 'माणुसकी म्हणून' टोचलं. परिपत्रकात माणुसकीचा म नाही, तिथं हक्क म्हटलंय. पण गप्प बसले. मिळतंय ना, मग कशाला भांडा. हा विचार बरा की भित्रा, ते ठरवता येत नाहीये.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस! किल्लीवाल्या मामांनी दार उघडलं ते जांभई देतच. आमचे शिपाई ते. ऑफिसच्या मागच्या खोलीतच राहतात, त्यामुळे त्यांना यायचं नव्हतं, नुसतं उठायचं होतं, पण चेहरा असा की जणू मी त्यांना युद्धावर पाठवतेय.

रिकाम्या ऑफिसात काम कसं सपासप होतं! आठ वाजता सहज दाखल्यांच्या खिडकीची फळी वर केली, व्हरांड्यातली हवा यावी म्हणून. बाहेर एक माणूस उभा. भुवयांवर पीठ. बेकरीत रात्रपाळी करतो, मुलीच्या जन्माचा दाखला हवाय. चार वेळा येऊन गेला होता. ऑफिस उघडतं तेव्हा तो झोपलेला असतो, जागा होतो तेव्हा रांग बंद झालेली असते.

"आता देता?" त्यानं असं विचारलं की जणू मी फसवतेय.

दिला. दहा मिनिटांचं काम.

तीन वाजता उठले. पर्स उचलली. खुर्ची सरकवल्याचा आवाज केवढा झाला! भर वर्गातून उठून चालल्यासारखं वाटलं. साहेब दारात येऊन उभे राहिले. मनगट वर करून घड्याळ बघितलं.

बाहेर ऊन होतं. कामाच्या दिवशी दुपारी तीनचा रस्ता मी शेवटचा कधी बघितला होता? आमच्या रस्त्याला झाडं आहेत. चांगली मोठी आहेत.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णांचा पाय उचलताना आकडे मोजायचे तर त्यांना कंटाळा येतो. मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली. पाय वर की जुन्या रूटचा एकेक थांबा म्हणायचा. "डेपो… दवाखाना… शाळा… पाण्याची टाकी…" पाण्याच्या टाकीला दम लागतो. मी म्हणते, "अण्णा, प्रवासी खोळंबलेत, गाडी पुढे घ्या." मग शिव्या घालत पुढचा थांबा घेतात.

आज शेवटच्या थांब्यापर्यंत पोचले. मी टाळ्या वाजवल्या. "गप," म्हणाले, पण खूश होते.

खिडकी आता सात वाजताच उघडते. माणसं यायला लागलीत. रात्रपाळीची नर्स येते, कचऱ्याच्या गाडीवरचे दोघं येतात. कुणी कुणाला सांगितलं कोण जाणे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांनी आज चार वाजता मीटिंग ठेवली. मुद्दाम. मी म्हणाले, "दहा ते तीनमध्ये ठेवा, मी आहे." बर्फीनं कान टवकारले.

"बाई, मी इथे रोज रात्रीपर्यंत असतो," साहेब म्हणाले. "एकतीस वर्षं. कुणाला काही मागितलं नाही मी."

मागितलं नाही हे खरंच असेल. पण आम्हाला न विचारता घेतलं, त्याचं काय? हे मनातच म्हटलं. तीनला निघाले.

या माणसाला दिखाव्याची हौस तरी किती! सकाळी लवकर जाते तर रोज काहीतरी नवीन दिसतं. त्यांच्या कपाटात दोन इस्त्रीचे शर्ट टांगलेले असतात. बेसिनवर दाढीचं सामान असतं. आणि काल सात वाजता ते आधीच खुर्चीत, ब्रेड खात बसलेले, सोफ्यावर उशी. ऑफिस म्हणजेच घर, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे ना. टाचणी सांगत होती, त्यांची बायको वर्षभर मुलीकडेच असते. असणारच. असल्या माणसाबरोबर कोण राहील!

६ मार्च, शुक्रवार

टाचणीशी भांडण झालं. वाईट झालं.

मी पर्स उचलली आणि ती एकदम म्हणाली, "जा बाई जा. साडेपाचला तुझ्या टेबलावर यायचा तो गठ्ठा आता माझ्या टेबलावर येतो. तुझ्या सुटण्याचा भार माझ्या डोक्यावर."

"तू नको थांबूस मग. तूही अर्ज कर."

"माझे वडील पडले नाहीत ना! मी काय कारण सांगू? माझ्या घरात सगळे धडधाकट आहेत, हीच माझी अडचण."

बर्फी फिदीफिदी हसला. आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे बघितलं, तेव्हा गप्प झाला.

खरं आहे तिचं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सुटले ती तिच्या खांद्यावर पाय देऊन सुटले. पण मग काय करू? परत रात्री साडेआठला घरी येऊ, म्हणजे दोघी सारख्या? ते तर साहेबांनाच हवंय. गठ्ठा देणारा माणूस वेगळाच आहे आणि भांडतोय आम्ही दोघी. चीड आली. कुणाची ते नीट कळलं नाही, सगळ्यांचीच आली.

१३ मार्च, शुक्रवार

गंमत. अण्णा माझ्यावर वैतागलेत!

ते आता काठी घेऊन घरभर फिरतात. गल्लीच्या टोकापर्यंत जातात. दुपारी त्यांचे दोन जुने ड्रायव्हर मित्र पत्ते कुटायला येतात, आणि नेमकी मी साडेतीनला हजर. डाव अर्ध्यात असतो. "आलीस? एवढ्यात?" म्हणाले. मित्र चुळबुळत उठायला लागले. बायकामाणसांसमोर त्यांना मनासारख्या शिव्या देता येत नाहीत, ही खरी गोष्ट.

मी म्हटलं, बसा तुम्ही, मला बाजारात काम आहे. काम काही नव्हतं. नुसती चालत सुटले. मैदानामागे गवत आहे, तिथे एका झाडाखाली टेकले ती चक्क झोपले. उघड्यावर! सेहेचाळीस वर्षांची बाई, पर्स डोक्याखाली घेऊन! जाग आली तेव्हा हातावरून मुंग्या चालल्या होत्या आणि एक कुत्रं माझ्याकडे काळजीनं बघत होतं.

हसू यायला लागलं, थांबेना.

१७ मार्च, मंगळवार

आज जी पहिली बस आली तिच्यात बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे काही नाही. एक भिंत आहे, पिंपळ नाही, देऊळ नाही, साधं दुकानसुद्धा नाही. भिंतीवर बसले. परत आले. अण्णांनी विचारलं, "कुठं गेली होतीस?" म्हटलं, "कुठंच नाही." खरंच की.

१८ मार्च, बुधवार

आज जे झालं त्याला काय म्हणावं!

सकाळी चष्मा घरी विसरले. अकराच्या सुमाराला ऑफिसात गलका झाला. बघते तर अण्णा! एकटे! बसनं आले, दोन जिने चढून, काठी बगलेत मारून, हातात माझा चष्मा. चेहरा असा की शर्यत जिंकून आलेत.

माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच केबिनचं दार उघडलं.

"हेच का वडील?" साहेब म्हणाले.

"हो, मीच तो!" अण्णा छाती फुगवून म्हणाले. "दोन जिने चढलो. कठड्याला हात लावला नाही. हिनं बरं केलं मला, साहेब. रोज दुपारी."

"वा! ठणठणीत आहात की," साहेब म्हणाले. अण्णांना त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, जुन्या बसगाड्यांबद्दल विचारलं. चांगली अर्धा तास बडबड चालली होती दोघांची. साहेबांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. अण्णा गेल्यावर मात्र मला आत बोलावलं.

"आनंद झाला. उद्यापासून नेहमीची वेळ. कारण संपलं."

मी तशीच टेबलाकडे परत आले.

घरी येऊन अण्णांवर ओरडले. कशाला आलात, कशाला चढलात, कशाला सगळं सांगितलंत? ते ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, "मी बरा झालो ही चूक झाली का?"

मला रडूच आलं.

"एक सांग," ते म्हणाले, "तुला तीनला सुटायचंय ते माझ्यासाठीच का?"

"सुरुवातीला तुमच्यासाठीच."

"आणि आता?"

मी उठून चहाचं आधण ठेवलं. अण्णा म्हणाले, "माझ्या ड्युटीचे तास संपले की मी चावी काढायचो आणि उतरायचो. घरी काय काम आहे, असं डेपोमास्तरनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाच गाडीखाली घातला असता."

१९ मार्च, गुरुवार

सातला गेले. तशीच.

दार बंद. मामा मागून आले, मान खाली. "साहेबांनी काल सांगितलंय, साडेनऊच्या आधी उघडायचं नाही. मी काय करू, ताई?"

"तुम्ही काही करू नका, मामा."

जिन्याच्या पायरीवर बसले. हळूहळू सकाळची माणसं जमली. मला वाटलं होतं, माझ्या बाजूनं बोलतील. कुठलं काय! "तुम्हीच चालू केलंत, आता तुम्हीच बंद केलंत," नर्स म्हणाली. रात्रभर उभी होती बिचारी. "सगळे तसलेच," कचऱ्याच्या गाडीवरचा एकजण म्हणाला आणि थुंकला.

मी सांगितलं, दार माझ्या हातात नाही, पण मी आहे. एकेकाचे कागद बघितले. कुणाचं काय कमी आहे, कुठली सही राहिलीय, ते सांगितलं. नर्सला म्हटलं, नाव लिहून द्या, दाखला तयार करून ठेवते. पायरी गार होती. साडेनऊपर्यंत कंबरेचा पार काटा ढिला झाला.

तीनला उठले. साहेब म्हणाले, "बाई, बसा खाली."

मी म्हणाले, "सातला आले होते, साहेब. तुमच्या बंद दारासमोर होते, पण होते. आठ तास झाले."

आणि निघाले.  खालच्या मजल्यावर कठडा धरून उभी राहिले जरा वेळ.

२४ मार्च, मंगळवार

रोज पायरी. रोज माझी अर्धी रजा कापतात. आज मेमो आला. उद्धट वर्तन, शिस्तभंग, आणखी बरंच काही. शुद्धलेखनाच्या चुका तीन. मी लाल पेनानं सुधारून उत्तरासोबत परत दिला. हे करायला नको होतं, पण राहवलं नाही.

साहेबांनी समजावण्याच्या सुरात सांगितलं, "हेडक्लार्कची जागा मे महिन्यात रिकामी होतेय. यादीत पहिलं नाव तुमचं. तीनला घरी जाणारा हेडक्लार्क मी अजून पाहिलेला नाही."

ती जागा मला हवी आहे. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. दहा वर्षं हवी आहे.

संध्याकाळी दादाचा फोन. अण्णांनी सांगितलं असणार. "कशाला पंगा घेतेस? तुला कुठं पोरंबाळं आहेत! घाई कसली असते तुला घरी जायची?"

"तू कितीला सुटतोस, दादा?"

"सहाला."

"का? पोरांसाठी?"

"पोरांसाठी कशाला? ऑफिस सुटतं म्हणून!"

"तसंच माझं," मी म्हणाले. पलीकडून मग वहिनीचा हसण्याचा आवाज आला. ती ऐकत होती वाटतं.

२७ मार्च, शुक्रवार

आज सातला पायरीवर आले तर कुणीतरी आधीच बसलेलं. टाचणी! थर्मास घेऊन.

"तुला सात ते तीन हवंय?" मी विचारलं.

"छे! मला दहा ते सहा हवंय. पण खरं सहा. मला सकाळ पाहिजे गं. लग्न झाल्यापासून सकाळचा चहा बसून प्यायले नाहीये. आज आले ते तुझ्यासाठी." तिनं पर्समधून अर्ज काढून दाखवला. कारणाच्या जागी लिहिलं होतं: मला हवं म्हणून.

"असं लिहायचं असतं का?" मी दचकलेच.

"तूच शिकवलंस आणि तूच घाबर."

मग मीही नवीन अर्ज लिहिला, मांडीवर पर्स धरून, आणि दोन्ही अर्ज थेट वरच्या ऑफिसला पाठवले. दोघींनी उभ्यानं चहा प्यायला, कारण तेवढ्यात मामांनी जिना धुतल्यामुळे पायरी ओली झाली होती. टाचणी म्हणाली, "बघ, आजही उभ्यानंच."

२ एप्रिल, गुरुवार

मुख्य ऑफिसात सुनावणी झाली. वरच्या बाईंच्या खोलीत. त्या वयानं माझ्याएवढ्याच, डोळ्यांखाली काळं. टेबलावर दुपारचा डबा न उघडलेला, वेळ चारची. साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीत, नवा शर्ट, दाढी करताना गालावर कापलेलं. टाचणी दाराबाहेर.

"तुमचे वडील बरे झाले आहेत ना?" बाई म्हणाल्या.

"हो. जिने चढतात."

"मग तीननंतर तुम्ही काय करता?"

"ते ऑफिसच्या वेळेत येत नाही, मॅडम."

साहेब हसले. "म्हणजे काहीच करत नाहीत."

काय सांगावं, याचा मी रात्रभर विचार केला होता. शिवणाचा क्लास सांगू? कुठला तरी कोर्स? अण्णांची तब्येत परत बिघडवू? पण साहेब हसले आणि माझं डोकं तडकलं.

"हो. काहीच करत नाही. भिंतीवर बसते. झाडाखाली झोपते. बसमध्ये बसून शेवटच्या थांब्याला जाते आणि परत येते. आठ तास काम चोख करते, त्यातली चूक दाखवा, मान खाली घालेन. पण उरलेल्या वेळेचा हिशेब देणार नाही. कुणी आजारी असेल तरच मी माणूस आणि घरी सगळं ठीक असेल तर मी ऑफिसचं टेबल, असं आहे का?"

साहेब म्हणाले, "मॅडम, अशानं ऑफिस चालेल का? मी एकतीस वर्षं—"

"तुमच्या एकतीस वर्षांबद्दल मी काही म्हटलं नाही, साहेब. ती तुमची. माझी मला द्या."

 बाईंनी परिपत्रक पुढे ओढलं, वाचलं, परत वाचलं. "यात कारण द्यायला हवं असं कुठे म्हटलंय?" त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी चष्मा काढला.

मी जिंकले. तरी लगेच बाई माझ्याकडे वळल्या. "नियम तुमच्या बाजूनं आहे. सातला दार उघडेल, कापलेल्या रजा परत मिळतील. तुमच्या मैत्रिणीचाही अर्ज मंजूर. पण एक सांगते, बढतीच्या वेळी असल्या गोष्टी बघितल्या जातात. मी बघितलं नाही तरी बघितल्या जातात."

"बघू देत," मी म्हणाले.

म्हणताना ऐटीत म्हणाले. आता हे लिहिताना तेवढी ऐट राहिलेली नाही.

६ एप्रिल, सोमवार

मामांनी दार उघडलं आणि चक्क बाजूला होऊन मला आधी आत जाऊ दिलं. नर्सचा दाखला दिला. ती म्हणाली, "परत बंद करू नका हं." आभार वगैरे काही नाही. बरोबर आहे तिचं.

१७ एप्रिल, शुक्रवार

हेडक्लार्क बर्फी. मेपासून, पण ऑर्डर आजच आली.

त्याला माझ्यापेक्षा नऊ वर्षं कमी झालीत नोकरीला. सगळ्यांनी हात मिळवले, मीही मिळवला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. खोटं कशाला लिहू? भरपूर रडले. टाचणी बाहेरून दार वाजवत होती, "बाहेर ये, नाहीतर मी आत येते, आणि आत दोघी मावणार नाही."

सगळा दिवस मनात येत होतं, जाऊन सांगावं, थांबते मी आठपर्यंत, द्या ती खुर्ची. तीन वाजले. साहेब काचेतून बघत होते. आज ही थांबेल, असं त्यांना वाटलं असणार.

आज तर नाहीच नाही! मी दोन मिनिटं आधीच पर्स आवरून बसले होते आणि तीनचा ठोका पडताच उठले. मुद्दाम खुर्ची आवाज करून सरकवली.

अण्णांना सांगितलं. त्यांनी पत्ते पिसून ठेवले. मग म्हणाले, "पत्ते येतात का तुला?" चौथा भिडू म्हणून बसवलं मला. त्यांच्या मित्रांनी आता माझ्यासमोर शिव्या द्यायला सुरुवात केलीय. मी दोन हात हरले. तिसऱ्याला मीही एक दिली.

२८ एप्रिल, मंगळवार

आज तीनला निघाले तर साहेब केबिनच्या दारात. नेहमीसारखं घड्याळ बघतील असं वाटलं. पण त्यांच्या टेबलावर दोन चहा होते.

"बसा ना पाच मिनिटं," ते म्हणाले. "कामाचं काही नाही."

मला संशय आला. हा नवा डाव. आज चहा, उद्या चहाबरोबर फाइल, परवा नुसतीच फाइल. मी म्हणाले, "ऑफिसात नको, साहेब. माझी वेळ झाली. चहाच प्यायचा असेल तर खाली या, समोर टपरी आहे."

"आत्ता? तीन वाजता?"

"परिपत्रक तुम्हालाही लागू आहे. तुम्ही तर सकाळी सातच्या आधीच आलेले असता."

ते खाली टेबलाकडे बघत राहिले. एक हात खुर्चीच्या पाठीवर होता. "मुलीचा फोन येतो ऑफिसच्या नंबरावर, कधी कधी," म्हणाले. "नाही जमायचं."

"बरं," मी म्हणाले आणि जिना उतरले.

टपरीवर गेले, एक चहा सांगितला. वर बघितलं तर साहेब खिडकीत उभे, हातात कप. माझ्याकडेच बघत होते की रस्त्याकडे, ते कळलं नाही. क्षणभर वाटलं, जावं वर. का वाटलं, माहीत नाही. पायसुद्धा वळला होता.

नाही गेले. बाकावर जागा करून बसले. चहा गरम होता, मला कुठं जायचं नव्हतं, आणि मी तो अगदी सावकाश प्यायले.